ज्या दिवशी मी उमरेडला गेलो नव्हतो

भूतबाधा, चकवा, अंगात येणं... आमच्या गल्लीत हे सगळं चालायचं, आणि मी त्यावर हसणारा माणूस होतो. आजही हसतो. वय ऐंशीच्या पुढे गेलं, पण मांजर आडवी गेली म्हणून कधी थांबलो नाही. फक्त एका गोष्टीवर मला हसता येत नाही, कारण तिच्यावर हसलो तर माझ्याच लग्नावर हसल्यासारखं होईल. ती जशी घडली तशी लिहितो. पटली तर पाहा.

नागपूर तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी होतं. आम्ही तांडापेठेतले विणकर. वडील वारल्यावर घरचा हातमाग माझ्याकडे आला. मी बावीस वर्षांचा. घरात फक्त माय. आणि मला मोहाच्या दारूचा नाद लागलेला — मी, माझा मित्र बबन आणि गल्लीतले आणखी दोघे.

आजकालची मुलं ज्याला ब्लॅकआउट म्हणतात ना, ते मला नेहमी व्हायचं. पडून राहणं वेगळं. मी चालायचो, बोलायचो, वाद घालायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं अक्षरही आठवायचं नाही. एकदा मी लिंबाच्या झाडावर चढून निवडणुकीचं भाषण ठोकलं म्हणे. उमेदवार कोण, तर मीच. हे मला दाढी करताना न्हाव्याकडून कळलं. एकदा एक टांगेवाला रस्त्यात पाया पडला — मी त्याला माझ्या नव्या कोऱ्या चपला देऊन टाकल्या होत्या. अनवाणी घरी आलो याचा उलगडा तेव्हा झाला. सांगायचं म्हणजे, माझ्या आयुष्यातले कितीतरी तास मला लोकांनी सांगितले म्हणून ठाऊक. लोक म्हणतील ते मी केलेलं असणार, ही मला सवयच झाली होती. पुढचं समजायला हे लक्षात ठेवा.

त्या उन्हाळ्यात उमरेडला मुलगी पाहून आलो. यमुना तिचं नाव. तिचे वडील डोमाजी, तेही विणकरच. मुलगी मला फार आवडली. त्यांनाही स्थळ पसंत होतं. पण पंधरा दिवसांत माझ्या भाषणाची कीर्ती उमरेडला पोचली आणि निरोप आला — पिणाऱ्याच्या घरी पोरगी देत नाही. माय दोन दिवस जेवली नाही. मी मात्र त्या दुःखात आणखी प्यायलो. अक्कल तेवढीच होती.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत असते. मोठमोठे पुतळे निघतात आणि इडापीडा घेऊन जा म्हणत सगळं शहर रस्त्यावर येतं. आम्ही सकाळी आठलाच सुरुवात केली. मिरवणूक दिसली, ढोल ऐकले... आणि त्यानंतर कोरी पाटी.

जागा झालो तेव्हा दिवे लागत होते. मी बबनच्या घरी होतो, मागाच्या खड्ड्यात. विणताना पाय सोडून बसायला जमिनीत खड्डा असतो, त्यात मी कमरेपर्यंत गेलेलो आणि डोकं कापडावर. बबनची आई तुळसामावशी समोर कांड्यांवर सूत गुंडाळत बसली होती. तिने मला पोटभर शिव्या दिल्या, मग पिठलं-भाकर दिली. मी घरी गेलो.

पाचव्या दिवशी डोमाजी आमच्या दारात उभे. हातात नारळ. मायेला म्हणाले, पोराने मन जिंकलं, आमचा होकार आहे.

मी आपला मान डोलवत ऐकत होतो. मारबतीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी म्हणे त्यांच्या घरी गेलो. स्वच्छ धोतर-सदरा, हात जोडलेले. मला एकदा ऐकून घ्या म्हणालो. यापुढे दारूला शिवणार नाही असा शब्द दिला. ताक प्यायलो. मागावरचे अकरा धागे तुटलेले पाहून न सांगता ते जोडून दिले. तीन वाजता उठलो. डोमाजी हळूच मायेला म्हणाले, "लपवत नाही बाई, धागा पाहाच्या बहान्यानं मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. कायचाच वास नव्हता."

मला वाटलं, चला, ब्लॅकआउटमध्ये आपण पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं केलं. इतका आनंद झाला की धावत बबनच्या घरी गेलो.

तुळसामावशीने सगळं ऐकलं आणि हातातली कांडी खाली ठेवली.

"तू कसा जाशीन उमरेडले? दहा वाजता तुले बबननं आणून टाकलं. मी आतून कडी लावली अन् इथंच बसली ते दिवेलागणीलेच उठली. तू त घोरून राहिला होता गा."

मावशीने जन्मात थेंब घेतलेला नाही. खोटं बोलायचं तिला कारण नाही. आणि उमरेड काही शेजारची गल्ली नव्हे... इतवारी स्टेशनहून छोट्या रेल्वेने जायलाच दोन तास लागायचे.

आयुष्यात पहिल्यांदा दोन लोक माझ्या हरवलेल्या दिवसाबद्दल दोन गोष्टी सांगत होते, आणि दोघंही खरी माणसं.

बबनचा सल्ला सरळ होता. "काम झालं न? मंग तोंड काहून उघडतो?" मायही म्हणाली, गप राहा. तिच्या मते तो माझा बापच होता, पोराचं घर बसवायला आलेला. तोंडावळा आमचा सारखाच. पण वडील हयातभर कोणाशी चार वाक्यं गोड बोलले नव्हते. मेल्यावर शिकले असतील तर माहीत नाही.

मी आठ दिवस गप्प राहिलो, आणि त्या आठ दिवसांत प्यायलोही नाही. प्यावंसं वाटलं नाही असं नव्हे. पण मनात एकच यायचं — ती मुलगी ज्या शब्दावर हो म्हणाली, तो शब्द मी दिलेलाच नाही. नवव्या दिवशी गाडीत बसलो.

डोमाजींना सगळं सांगितलं, मागाच्या खड्ड्यासकट. यमुना कोपऱ्यात चरख्यावर सूत भरत होती. डोमाजी मला मागापाशी घेऊन गेले, एक धागा तोडला आणि म्हणाले, जोड. मी जोडला. माझे वडील डावरे होते. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं पाहून शिकल्यामुळे माझी गाठ उलटी पडते. गल्लीत कोणाची तशी पडत नाही. डोमाजींनी गुंडाळलेलं कापड उलगडून त्या दिवशीच्या गाठी दाखवल्या. अकराच्या अकरा उलट्या.

"मंग तो कोन होता?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नाही म्हणालो. त्यांनी कापड पुन्हा गुंडाळलं आणि पान आणायचं निमित्त करून बाहेर पडले. आता नकार येणार हे मी धरूनच चाललो. चपला घालायला वळलो, तर चरखा थांबला.

"ऐका," यमुना म्हणाली. मान खालीच होती. "त्या दिवशी आला होता तो मले पसंत आहे. तुमाले तसं राहाले जमत असन, त तुमीबी पसंत आहा."

माघात आमचं लग्न झालं.

दारू सुटली. लोक म्हणतात शब्दासाठी सोडली, बायकोसाठी सोडली. खरं कारण मी फक्त बबनला सांगितलं होतं, आणि तो पोट धरून हसला होता. मला भीती बसली होती. उद्या मी पिऊन कुठेतरी खड्ड्यात घोरत पडायचो, आणि तो स्वच्छ धोतरवाला माझ्या घरी जाऊन जेवायला बसायचा! असल्या माणसाशी स्पर्धा नको, त्यापेक्षा शुद्धीत राहिलेलं बरं. नागपुरात दारूबंदी आली तेव्हा गल्लीतले सगळे हळहळले. मला मात्र जरा निश्चिंत वाटलं.

शिकलेल्या पुष्कळ लोकांना हे सांगितलं. कोणी म्हणालं, मावशीला डुलकी लागली असेल. लागली असेल, पण तेवढ्यात मी चार तासांचा रेल्वेचा प्रवास करून, वास घालवून, पुन्हा त्याच खड्ड्यात कसा? कोणी म्हणालं, उमरेडला दुसराच कोणी आला असेल. मग गाठ? आणि त्याला काय पडलं होतं माझ्या लग्नाचं? मला उत्तर सापडलेलं नाही. शोधणंही आता सोडलंय.

परवा गॅलरीत बसलो होतो. यमुनेला म्हटलं, समजा तो आज दारात येऊन उभा राहिला, तर काय करशील?



"चहा पाजीन," ती म्हणाली. "अन् सांगीन, बापू, तुमी लय उशीर केला. आता मले याचीच सवय झाली."