पेट्रोलच्या झाकणावरून मिळवलेला रंग

रंगातल्या थिनरचा वास आला की अजून ते दार आठवतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना दवाखान्याबाहेर एका संत्र्याच्या ठेल्यानं त्यांच्या जुन्या निळ्या गाडीचं दार वीतभर खरवडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघणार होती, आणि रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या या माणसाला पहिलं तेच दिसणार होतं. रंगाच्या नंबराचा स्टिकर कधीच पुसला गेलेला. दोन दुकानांनी हात वर केले. तिसऱ्यानं पेट्रोलचं झाकण काढायला लावलं आणि त्याच्या आतल्या बाजूवरून रंग मिळवून दिला. लावला, वाळला, तर उन्हानं विटलेल्या दारावर तो पट्टा गडद उठून दिसला. आई म्हणाली, "हे तं आणखीनच दिसून राहिलं. आता त्यायले काय सांगशील?" तेवढ्यात दवाखान्यातून आलेला ऑटो फाटकाशी थांबला. बाबा काळा चष्मा वर करून थेट दाराशी वाकले. पट्ट्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "हाच तं आपल्या गाडीचा रंग. बाकीच्या गाडीचा काहून उडाला गा?" इतकी वर्षं मोतीबिंदूआड तो फिकटपणा त्यांना दिसलाच नव्हता. गाडी आता मी पुसतो, आणि सुरुवात त्याच दारापासून करतो.