सलूनमधली बालवाडी

फोनमधून टीचर म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी हात वर!" आणि सलूनवाल्या दादाने हात वर केले.

आज्ञाधारकपणा हा चांगलाच गुण. फक्त त्या वेळी दादाच्या उजव्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याच्या धारेखाली विमावाल्या काकांची मिशी होती. काका ती नुसती कडेने सरळ करून घ्यायला बसले होते. हात वर गेला, त्याच्याबरोबर मिशीची डावी बाजूही गेली. काकांनी आरशात आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. बाकीच्या गिऱ्हाइकांनी आपापल्या मिशा चाचपल्या. फोनमध्ये मात्र टीचर खूश होत्या. "शाब्बास! आता हात खाली!"

दादाने हात खाली केले. सवय, दुसरं काय.

"अरे, ही मिशी नाही, माझं दुकान आहे दुकान!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "लोक हिच्याकडे बघून सह्या करतात. आता अर्ध्या मिशीवर काय अर्धा विमा विकू?"

"चुकलो काका. टीचरनी सांगितलं म्हणून..."

"तू कितवीत आहेस रे?"

याचं खरं उत्तर दादाकडे होतं, पण द्यायची लाज वाटली. गेला दीड महिना तो बालवाडीच्या छोट्या गटात होता.

त्याचं असं झालं होतं. वर्ग सुरू व्हायच्या तोंडावरच लेकीच्या बालवाडीची इमारत दुरुस्तीला निघाली. एका वर्गाचं छत खाली यायच्या बेतात होतं, तेव्हा संचालकबाईंना साक्षात्कार झाला की शाळा काही भिंतींत नसते. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर तसं लिहिलं, खाली फुलांची चित्रं टाकली आणि वर्ग फोनवर सुरू केले. फी मात्र भिंती असल्यासारखीच ठेवली. तीन-चार वर्षांच्या वीस मुलांना एका टीचरने फोनमधून रंग, आकार आणि शिस्त शिकवायची होती. ज्यांना समोर बसवून शिस्त लागत नाही, त्यांना काचेतून लागेल, या विश्वासाला तोड नाही.

घरात चांगला फोन एकच, तो दादाकडे. बायको रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. सकाळी जायची ती दुपार कलल्यावर परत. म्हणून वर्ग सलूनमध्ये भरू लागला. सलून म्हणजे दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि मागे गिऱ्हाइकांसाठी लांब बाकडं. पावडरच्या डब्याला पाठ टेकवून फोन आरशासमोर उभा राहायचा. लहान मुलांचे केस कापताना खुर्चीच्या हातांवर जी आडवी फळी टाकतात, त्या फळीवर लेक बसायची, आणि तिच्या मागे बाकड्यावरची फेस लावलेली तोंडं वर्गात डोकावायची.

तिसऱ्या दिवशी सूचना आली : "वर्गात पाल्याशिवाय अन्य कोणी दिसू नये. पार्श्वभूमी शांत व स्वच्छ असावी." दादाने केस कापताना गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड तिच्यामागे दोरीवर टांगलं. पार्श्वभूमी स्वच्छ झाली. शांत करणं कोणाच्या हातात नव्हतं.

खरी गोम वेगळीच होती. लेक फोनसमोर तोंडच उघडायची नाही.

एरवी तिची टकळी अखंड चालू. गिऱ्हाइकं तिला मालकीणबाई म्हणायची. मोठमोठ्या माणसांना ती बजावायची, "मान खाली. हलायचं नाही. हललात तर कान जाईल." पण दहा वाजले, फोन उभा राहिला आणि टीचर म्हणाल्या, "सांगा बरं, हा कोणता रंग?" की मालकीणबाई मूग गिळून बसायच्या. टीचरकडे अशा बघायच्या, की हे माणूस बरं आहे ना?

लेक करत नाही, तर आपण करून दाखवावं, म्हणजे बघून करेल, असा दादाने हिशेब केला. तो हात वर करू लागला, टाळ्या वाजवू लागला, "मी आहे छोटंसं फूल" म्हणून खुर्चीभोवती डोलू लागला. लेक शिकली नाही. दादा शिकला. इतका शिकला, की काकांची मिशी गेली.

उरलेली अर्धी त्याच दिवशी उतरवावी लागली. तशा बोडक्या तोंडाने काका कोणाच्या दारात जाणार? मिशी पुन्हा उगवेपर्यंत त्यांनी धंदा बंद ठेवला आणि रोज सकाळी सलूनच्या बाकड्यावर येऊन बसू लागले. नुकसानभरपाई म्हणून चहा प्यायचे आणि दुःख विसरायला वर्ग ऐकायचे. चारच दिवसांत दुःख मागे पडलं.

"त्रिकोण!" एके दिवशी कापडामागून घोगरा आवाज आला.

"व्वा! कोण बोललं?" टीचर म्हणाल्या. "बाळा, घसा बसलाय का तुझा?"

"काका, तुम्ही कशाला सांगता?" दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"अरे, मुलगी गप्प, तू गप्प. त्या बाईंनी त्रिकोण हातात धरून किती वेळ उभं राहायचं?"

त्या त्रिकोणाबद्दल लेकीच्या खात्यात एक चांदणी जमा झाली. ती काकांनी मनावर घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांनी तीन मिळवल्या.

पण टीचर काही अगदीच दूधखुळ्या नव्हत्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. "दादा, तुमची मुलगी प्रतिसाद देत नाही. शुक्रवारी मूल्यमापन आहे. नाव, तीन रंग आणि पाचपर्यंत मोजणं. नाही सांगितलं, तर तिला पुढचं वर्षही छोट्या गटातच ठेवावं लागेल. आणि हो, दुसरं कोणी सांगायचं नाही."

मुलगी प्रतिसाद देत नाही. हे वाक्य दादाच्या छातीवर येऊन बसलं. लहानपणी त्यालाही कोणीतरी असंच काहीतरी म्हटलं होतं, आणि मग वर्षानुवर्षं कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारत नाहीत म्हणून बोलायचं नाही, बोलत नाही म्हणून विचारायचं नाही, असं करत करत तो शेवटच्या बाकावरून थेट सलूनमध्ये आला होता. एकदा शिक्का बसला की बसलाच.

संध्याकाळी बायकोने ग्रुपवरचे व्हिडिओ त्याच्यापुढे धरले. "हे बघा. हा पन्नासपर्यंत म्हणतो. ही तर ग्रहांची नावं सांगते. आणि आपली?"

"आपली गिऱ्हाइकांना दम देते."

"हसू नका. धुलाईघरात सगळ्याजणी आपापल्या पोरांचं दाखवतात. मी म्हणते, माझ्या फोनला रेंज नाही." तिने व्हिडिओ बंद केला. "अहो, खरंच काही कमी असेल का हो तिच्यात?"

हा प्रश्न आपल्यालाही पडलाय, हे दादाने तिला कळू दिलं नाही. "कमी कसलं? आवाज जास्तच आहे," एवढं म्हणाला आणि लेकीला बोलावलं.

"हा कोणता रंग गं?"

"तुम्हाला माहितीये की," लेक म्हणाली आणि खेळायला निघून गेली.

शुक्रवार उजाडला. दादाने शटर अर्धं खाली ओढलं. लेकीला लाच देऊ केली : सगळं नीट बोललीस तर पाणी उडवायची बाटली दिवसभर तुझी. काका कापडामागे दबा धरून बसले. कोणी सांगायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण दाखवायचं नाही असं कुठे म्हटलं होतं? त्यांनी रंगीत टॉवेल मांडीवर लावून घेतले. दादा फोनच्या बाजूला उभा राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाला फेस लावला, आज त्याच्याच तोंडाला यायची वेळ होती.

"बाळा, तुझं नाव काय?" टीचरनी विचारलं.

बाळ गप्प.

"बरं, हा रंग कोणता?" टीचरनी लाल कार्ड धरलं. कापडाच्या वर हळूच एक हात आला, त्यात लाल टॉवेल.

"दादा, मागे कोणाचा तरी हात दिसतोय."

"वाळत घातलाय, टीचर."

"हात?"

"टॉवेल, टॉवेल."

हात खाली गेला. लेक कार्डाकडे बघत राहिली. टीचरनी उसासा टाकला आणि काहीतरी लिहायला पेन उचललं. दादाने पाण्याची बाटली लेकीपुढे नाचवली.

तेवढ्यात टीचरच्या मागचं दार धाडकन उघडलं. एक चिमुरडा आत आला. एका पायात मोजा, डोळ्यांना धार आणि कपाळावरचे केस थेट नाकापर्यंत. "आई, संपलं का गं?"

"राजा, बाहेर थांब ना. दोन मिनिटं."

"तू कालपण दोन मिनिटं म्हणालीस!" त्याने भोकाड पसरलं. टीचरनी त्याला टेबलाखाली सारलं; तो दुसऱ्या बाजूने वर आला.

मालकीणबाई फळीवरून पुढे वाकल्या.

"ए. तुझे केस डोळ्यात जातात."

रडणं जागच्या जागी थांबलं. "हो."

"दिसतं का तुला?"

"थोडं थोडं."

"इकडे ये. मान खाली. हलायचं नाही. हललास तर कान जाईल."

त्याने खरंच मान खाली घातली. लेकीने कंगवा घेतला आणि फोनच्या काचेवरून फिरवू लागली. "तुझ्या शर्टावर लाल गाडी आहे. त्यावर केस पडतील. निळं कापड बांधू की पांढरं?"

"निळं. आणि गाडी लाल नाही, केशरी आहे."

"लाल आहे."

"केशरी!"

"लाल! माझ्या बाबांकडे असला टॉवेल आहे. आणि तिला चाकं किती? एक, दोन, तीन. चौथं कुठे गेलं?"

"निघालं."

"पाच असायला पाहिजेत. एक डिकीत असतं."

कापडामागून कोणीतरी "शाब्बास!" म्हटलं. टीचरच्या हातातलं लाल कार्ड तसंच होतं.

"दादा, ही रोज इतकी बोलते?"

"टीचर, ही गप्प बसावी म्हणून गिऱ्हाइकं तिला गोळ्या देतात."

"मग वर्गात का नाही बोलत?" टीचर लेकीकडे वळल्या. "काय गं? मी विचारते तेव्हा का नाही सांगत?"

"तुम्हाला माहीत असतं ना. ह्याला माहीत नव्हतं."

टीचरनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. पोराचे केस कपाळावरून मागे सारले. "हाही याच गटात आहे, दादा, पण माझ्या एकाही वर्गाला बसला नाही. घर तेच, आई तीच. पलीकडच्या खोलीत याला फोन लावून देते आणि इथून शिकवते. त्याच्या नावापुढे 'प्रतिसाद देत नाही' मीच लिहिलंय."

लेकीच्या नावापुढे त्यांनी 'देते' लिहिलं. मोठा गट नक्की झाला. दादाने शटर वर केलं आणि सगळ्यात आधी बायकोच्या धुलाईघरात फोन लावला. पलीकडून यंत्रांची घरघर ऐकू आली, मग बायको कोणालातरी मोठ्याने सांगत होती, "रेंज आली गं, रेंज आली!"

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शाळा म्हटली की यश आलं, की त्याचं परिपत्रक निघतं. त्या मूल्यमापनाचा व्हिडिओ संचालकबाईंनी पाहिला. ग्रुपवर मजकूर झळकला : "आमच्या डिजिटल पद्धतीमुळे अबोल मुलगी बोलकी झाली! या आठवड्याचा उपक्रम : केशकर्तन. पालकांनी पाल्याला कात्री व कंगवा हाताळू द्यावा, संवाद साधावा आणि व्हिडिओ पाठवावा."

पालकांनी निष्ठेने संवाद साधला. सोमवारी सकाळी सलूनसमोर रांग. एकाचं कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलेलं, एकीची एकच वेणी शिल्लक, जुळ्या भावांनी एकमेकांची बिनपाण्याने केलेली. ग्रहांची नावं सांगणाऱ्या मुलीने तर आपल्या वडिलांवर असा हात फिरवला होता, की ते टोपी काढायला तयार नव्हते.

"बाबा, हे सगळे फोनमधले आहेत!" लेक ओरडली.

छोटा गट पहिल्यांदाच एका बाकड्यावर बसला होता. मुलं आधी एकमेकांना बोट लावून बघत होती. मग जो गलका उठला, त्यात दादाला स्वतःच्या कात्रीचा आवाज ऐकू येईना. पन्नासपर्यंत म्हणणारा मुलगा पडलेल्या केसांचे ढीग मोजत होता आणि सातावर अडला होता. बाकीचे त्याला मदत करून आणखी चुकवत होते. काका मधोमध बसले होते. मिशीला खुंट फुटले होते, आणि पोरं ते टोचतात का हे आळीपाळीने तपासत होती.

दहा वाजता आयांच्या पर्समधून एकामागून एक फोन वाजू लागले. पावडरच्या डब्याशी फोनांची रांग उभी राहिली. प्रत्येकात टीचर, प्रत्येकात तोच प्रश्न : "सगळे कुठे गेले? मला कोणीच दिसत नाही."

"आहेत टीचर, सगळे आहेत," दादा म्हणाला. "तुम्हीच तेवढ्या या. आणि पोराला आणा, त्याचे केस राहिलेत. मालकीणबाईंनी कबूल केलंय."

"आणते, दादा. आज वर्ग आहे ना. उद्या नक्की."

उद्याही वर्ग होता. परवाही. शाळेच्या छताला अजून टेकू लावलेले आहेत. पोरांचे केस सारखे झाले तशी रांग ओसरली आणि छोटा गट पुन्हा फोनमध्ये गेला. काकांची मिशी जवळजवळ पूर्ववत आहे, ते पुन्हा धंद्याला लागलेत. फक्त मिशी सरळ करायला येतात ते अकरा वाजल्यानंतर, फोन बंद आहे याची खात्री करून.

शटर ओढताना लेक रोज फळी पुसते आणि विचारते, "बाबा, तो आला नाही?"

"येईल."

काल वर्गात टीचरच्या मागून तो दिसला. केस हनुवटीपर्यंत आलेत. आईची पिन लावून मागे घेतलेत. लेकीने कंगवा उचलून दाखवला. "सगळ्यांनी हात वर!" टीचर म्हणाल्या. मागे त्याने मान खाली घातली, आणि लेकीने 'झालं' म्हणेपर्यंत ती वर काढली नाही.