एकाच बाजूला झुकलेल्या पट्ट्या

मास्तरांचा हात कधी चुकला नाही, हे सगळ्यात जास्त वेळा कोणी सांगितलं असेल तर ते खुद्द मास्तरांनी. शर्टांच्या कारखान्यात अडतीस वर्षं कटिंग मास्तर होते ते. कापडाचे साठ थर एकावर एक पसरायचे आणि एका दमात कापायचे. चूक झाली तर साठ शर्टांची. म्हणून त्यांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची खैर नसायची: प्रत्येक थर सुलटा, छापील बाजू वर. एकदा एका नव्या कारागिराने एक कफ उलटा शिवला, तर मास्तरांनी त्याला भर हॉलमध्ये असं फैलावर घेतलं, की तो बिचारा पुढे आठवडाभर स्वतःचा शर्टसुद्धा दोनदा तपासून घालायचा.

घरी बायको गोधड्या शिवायची. कारखान्यातली कातरणं मास्तर पिशवी भरून आणायचे आणि "घ्या, तुमचा खजिना" म्हणून दारातच ठेवायचे. ती त्यातून एकच नक्षी करायची, माशाचा काटा. मधे कणा, त्याच्या डाव्या अंगाला तिरक्या पट्ट्या, उजव्या अंगाला तिरक्या पट्ट्या, प्रत्येक डावीला एक उजवी भिडलेली. मास्तर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "चिंध्याच त्या. पण थंडीत बऱ्या." झालं! तीस वर्षांत एवढंच कौतुक. ती नुसती हसायची आणि सुईत दोरा ओवायची.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मास्तर एकटे उरले. शेजारी सुरुवातीला डोकावले, मग आपापल्या कामाला लागले. त्यांचं तरी काय चुकलं? मास्तर दोन कप चहा टाकायचे, दुसरा कप बघून स्वतःवरच वैतागायचे आणि तोही पिऊन टाकायचे. दिवस खायला उठायचा. एकटं वाटतं, हे कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची, म्हणून लेकीचा फोन आला की ते हवापाण्यावर बोलायचे.

शिलाई मशीनवर एक गोधडी अर्धवट पडून होती. नातीसाठी शिवायला घेतलेली. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

"बाबा, मी रविवारी येतेय, एका दिवसासाठी," लेक फोनवर म्हणाली. "आईची ती गोधडी तशीच घेऊन जाते. इकडे कोणाकडून तरी पुरी करून घेईन."

"कोणाकडून तरी?" मास्तर उसळलेच. "मी काय मेलोय का? मी करतो पुरी."

"तुम्ही?" लेकीने विचारलं. "बरं. मग शेवटच्या ओळी आईच्या निळ्या कोटाच्या करा. आई तसंच म्हणत होती."

तो निळा सुती कोट तिने वीस वर्षं घातला होता. बसस्टॉपवर, बाजारात, दवाखान्यात. उन्हाने त्याचा रंग पार उडाला होता, खांद्यांवर तर निळा म्हणायचा म्हणून निळा. मास्तरांनी तो खुंटीवरून काढला, थोडा वेळ तसाच हातात धरून बसले, आणि मग अस्तर उसवायला घेतलं. खिशात बसचं एक तिकीट निघालं. ते त्यांनी डब्यात ठेवून दिलं.

कापड मोजकंच होतं. चोवीस पट्ट्या लागणार आणि चोवीसच निघणार, वर बोटभर तुकडा उरणार नाही. मास्तरांना उलट बरं वाटलं, कसब दाखवायची जागा मिळाली. चार थर पसरले. सगळे सुलटे. खडूने तिरकी रेघ मारली, कात्री चालवली. सुंदर कापलं, एक धागा सुटला नाही.

मग त्यांनी पट्ट्या कण्याशी मांडायला घेतल्या. डावीकडच्या बारा चपखल बसल्या. उजवीकडची पहिली ठेवली, ती डावीकडेच झुकली. फिरवून ठेवली, तरी तेच. दुसरी घेतली, तिसरी घेतली. चोवीसच्या चोवीस पट्ट्या एकाच बाजूला झुकलेल्या! थर एकावर एक सुलटे ठेवून कापले, की सगळे तुकडे एकसारखेच निघणार. एकमेकांना भिडणारी जोडी त्यातून निघेल कशी? शर्टाच्या मास्तराला हे कधी सुचायची गरजच पडली नव्हती.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. दुसरा कोट नव्हता, आणि असता तरी तिचा नसता. "वाटोळं केलं मी," ते मोठ्याने म्हणाले. रविवारी लेकीला काय तोंड दाखवणार? आणि बायकोची शेवटची वस्तू, तिच्यावरच कात्री फिरवली.

ती कशी करायची, ते तरी बघावं म्हणून त्यांनी स्वतःच्या पलंगावरची गोधडी खिडकीशी नेली. तीस वर्षं पांघरलेली. चष्मा लावला. डावीकडच्या पट्ट्या ठसठशीत छापाच्या, उजवीकडच्या फिकट. हे त्यांना माहीत होतं. धुऊन धुऊन विटल्या असतील, असं ते समजत आले होते. पण सगळ्या उजवीकडच्याच कशा विटतील? त्यांनी कडेची शिवण नखाने उचलली आणि आत बघितलं. आत लालभडक फुलं.

पट्टी उलटी लावलेली होती. मास्तरांच्याच टेबलावरची कातरणं ती, सगळी एकाच बाजूला झुकलेली. तिने अर्धी उलटी करून जोडी जमवली होती. प्रत्येक ओळीत, प्रत्येक गोधडीत. आणि अडतीस वर्षांचा हा डोळ्यात तेल घालून बघणारा मास्तर त्याखाली घोरत होता.

त्यांनी कोटाची एक पट्टी उलटी केली. अस्तराखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. कोट घेतला त्या दिवशीचा गडद निळा रंग तिथे जसाच्या तसा होता.

रविवारी लेकीने गोधडी हातात घेतली, निळ्या ओळींवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "जमलं की तुम्हाला! उलटी पट्टी लावायचं आईने शिकवलं होतं?"

"तुला माहीत होतं?"

"मला लहानपणापासून. मी एकदा तुम्हाला सांगायला निघाले होते, तर तिने मला धरून ठेवलं. म्हणाली, सांगू नकोस. एक दिवस ते स्वतः बघतील, मग केवढ्याने ओरडतील माझ्यावर, बघच." लेक हसली, मग तिचं हसू उतरलं. "वाट बघायची ती, बाबा. नवी गोधडी घातली की तुमच्याकडे बघत बसायची."

मास्तर चहा टाकायला उठले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला बसमध्ये बसवून दिलं, गोधडीची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, आणि बस वळेपर्यंत उभे राहिले. घरी येऊन दार लावलं. पलंगावरची जुनी गोधडी पसरली, पहिल्या ओळीतल्या उजव्या पट्टीवर बोट ठेवलं, आणि कारखान्यात काढायचे तो आवाज काढला.

"अगं ए! ही पट्टी उलटी लागलीय!"

मग बोट दुसऱ्या पट्टीवर नेलं. "हीसुद्धा!" मग तिसरीवर. गोधडीत उजव्या पट्ट्या दोनशे सोळा होत्या. मास्तरांनी एकही सोडली नाही.