गंगेच्या वाटेवर भेटलेला भाऊ

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन मी वाचलो, तरी देवावरचा विश्वास डळमळला होता. छातीखालून बेंबीच्या खालपर्यंत चिरलेलं पोट, त्यात जखम चिघळलेली. बिडी सुटली, पण खोकला सुटला नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "जखमेत पू झाला, अंग खंगलंय, खोकल्यानं पोटावर ताण येतोय. टाके भरले तरी आतून फाटायची भीती आहे." तसंच झालं. बेंबीशेजारी लिंबाएवढी गाठ वर आली. हर्निया. देवानं एवढ्या दुखण्यातून काढलं ते पुन्हा यासाठीच का, असं वाटे.

बायकोच्या आग्रहाखातर गंगाखेडला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, स्नानाला निघालो. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी वातावरण तापलेलं. पुढं रस्ता अडवलाय म्हणून एसटी मध्येच थांबली आणि सगळ्यांना उतरवलं. थोडं चाललो तोच खोकल्याची उबळ आली. गाठ दगडासारखी घट्ट झाली, आत जाईना. ओकाऱ्या सुरू झाल्या. मी रस्त्याकडेला आडवा झालो.

कडबा घेऊन एक बैलगाडी आली. गाडीवान खाली उतरला आणि थोड्या अंतरावरच थांबला.

"बाई, आमी गावाभायरच्या कडच्या वस्तीतले हाव. उचलू का यांना?"

"उचला, भाऊ," बायको म्हणाली.

त्यानं कडब्यावर मला हळूच निजवलं. "पाय पोटाशी घ्या, बाबा. लय हालू नका." जिथं रस्ता अडवला होता तिथून न जाता शेतातल्या वाटेनं त्यानं गाडी काढली. त्याच्या गावातल्या डॉक्टरांनी लगेच जीपनं परभणीला धाडलं. तिथं ऑपरेशन होऊन अडकलेलं आतडं वेळेत सुटलं.

हिंडू-फिरू लागलो तसे आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. कडच्या वस्तीत दंगलीत जळालेल्या कुडाच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. माणसं कुठं गेली, हे गावात कुणी सांगेना. बायकोनं त्याच्यासाठी आणलेलं धोतर पदराखाली झाकलं आणि तिथंच बसून रडली. त्या दिवशी त्यानं आम्हाला वाचवलं, आणि त्याचं घर वाचवायला आमच्यापैकी कुणीच नव्हतं.

त्याच्या रूपानं देव आला होता का, हे मी कुणाला पटवत नाही. रोज देवापुढं उभा राहतो, त्या गाडीवानासाठी काही मागावं म्हणतो, पण त्याचं नावही मला ठाऊक नाही. मग नुसते हात जोडतो. ज्याला ते नाव ठाऊक आहे, त्याच्यावरच सोपवतो.