दोन पानं

सोनारीत माझं पानाचं दुकान होतं. गावातला एक रंगेल गडी रोज दिवेलागणीला अत्तर लावून यायचा आणि दोन पानं बांधून घ्यायचा. दुसरं कुणासाठी, हे विचारायची सोय नव्हती. "आपून आझाद हाय, अण्णा," म्हणायचा. निजामाच्या राज्यात हा शब्द मोठ्यानं बोलायची आमची छाती नव्हती.

विणकराच्या पोरीनं विहीर जवळ केली, तेव्हा गावाचा संशय त्याच्यावरच गेला आणि पंचांनी त्याला भैरवनाथापुढं बेलभंडारा उचलायला लावला.

"म्या तिला वळखत बी न्हाय," तो शांतपणे म्हणाला.

खोटी शपथ घेणारा जागीच कोसळतो म्हणे. आम्ही वाट बघत राहिलो.

तो तिथनं माझ्या मागोमाग थेट दुकानात आला. भंडाऱ्यानं हात अजून पिवळा होता.

"आज एकच बांधू?" मी विचारलं.

तो हसला. "एक कशापायी? दोन बांधा, अण्णा."