रेषेच्या आत एक पाऊल

वीस वर्षं मी मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात मध्यफळीत खेळलो. शेवटी गुडघ्यानं राजीनामा दिला आणि तालमीनं मला कोच केलं. आमच्यात सामन्याआधी टी-शर्ट तालमीतल्या मारुतीपुढं ठेवतात आणि जुना खेळाडू आपला नंबर नव्याला स्वतःच्या हातानं देतो. माझा आठ नंबर मी दिला खरा, पण जीव काही सुटेना. घेणाऱ्या पोराला दमच भरला, "बॉल आला की आधी माझ्याकडं बघायचं!"

तालमीचे वस्ताद हे ऐकत होते. मला म्हणाले, "आजची मॅच गेली तर दुसरा कोच बघणार हाय. आत्ताच सांगून ठेवतो."

सामना शेजारच्या पेठेशी. स्टँड खच्चून भरलेला, हलगीचा कडकडाट. शेवटची दहा मिनिटं राहिली, तरी गोल नाही. एवढ्यात बॉल घरंगळत रेषेकडं, माझ्याच दिशेनं आला. पलीकडून आमचा विंगर सुटलेला. पुढं काय झालं ते माझ्या पायांनाच विचारा. एक पाऊल आत टाकलं आणि असा देखणा पास दिला की विंगरनं थेट गोलच केला! मी हात वर करून धावलो, तर समोर रेफ्री, हातात लाल कार्ड.

गोल रद्द. दोन्ही पेठा पोट धरून हसत होत्या. "ओ पावणं, शिकवायला आलाय का खेळायला?"

लाल कार्ड मिळालेल्या कोचला रेषेवर थांबता येत नाही, म्हणून मान खाली घालून स्टँडमध्ये वस्तादांशेजारी जाऊन बसलो.

मग खाली पाहिलं. वीस वर्षं त्या मैदानावर मला फक्त पाय आणि खांदेच दिसले होते. आज सगळं मैदान दिसलं. डावी बाजू झाडून काढलेल्या अंगणासारखी मोकळी होती. "डावीकडं दे!" मी ओरडलो, पण हलगीनं आवाज गिळला. बॉल आठ नंबरकडं आला. त्यानं तो थांबवला, क्षणभर धीर धरला, जो मला कधीच धरता आला नाही, आणि डावीकडं धावणाऱ्या विंगरला सोडला. गोल!

गुडघा विसरून मी पायरीवर नाचत होतो. वस्तादांनी बाही ओढली.

"पोरानं तुझ्याकडं बघितलं काय?"

"एकदाबी न्हाय!" मी आनंदानं ओरडलो.

"मग उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर ये. आता झालास तू कोच."