जमुनाआत्याचा गुत्ता

आमच्या जमुनाआत्याचा ताडीचा गुत्ता बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता, आणि तिथे ताडीपेक्षा शिव्या जास्त मिळत. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. मासवणकडची डोंगरातली माणसं, मराठवाड्यातून आलेले गवंडी, सगळे काम सुटलं की आत्याकडे वळत. सरकारने दारूबंदी सैल करून ताडीला परवाने दिले, तेव्हा तिने हट्टाने परवाना काढला होता. लहान मुलांना ताडी देऊ नये, अशी त्यात अट होती. बाकीचे गुत्तेवाले त्या अटीला हसत. ज्यांना स्वतःचं जन्मसाल ठाऊक नाही, त्यांच्यात लहान कोण आणि मोठा कोण हे ठरवायचं कसं?

आत्या ठरवायची. समोर आलेल्याच्या ओठावर मिसरूड आहे की नुसती लव, आवाज फुटलाय की अजून फुटतोय, हे ती एका नजरेत ओळखे. संशय आला की पेला उपडा. एखादा बाप पोराला मडकं देऊन पाठवी, तर ती पोराला रिकामं परत धाडी. वर म्हणे, ‘‘बापाला इचार, तुजं पाय मोडलं का?’’ नागोराव नावाचा मुकादम तिला चिडवायचा, ‘‘बाई, माझी पण मिशी बघून घ्या.’’ ती म्हणायची, ‘‘तुजी अक्कल बघितली तं तुला पन नाय मिलनार.’’ मग नागोरावासकट सगळे हसत. आत्या मात्र हसत नसे.

माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. मी चिंचणीहून तिच्या मदतीला जाई, पेले विसळायला. दुपारी गुत्ता रिकामा असे, त्या वेळची मला भीती वाटे. मागच्या ताडावरून दोर घासल्यासारखा आवाज येई. ताडावर चढणारे आतोबा समोर खाटेवर झोपलेले असत आणि ताडावर कोणी नसे. आत्या हातातलं टाकून बाहेर जाई, मान वर करून उभी राही. ‘‘उतर रे,’’ एवढंच म्हणे. मग आवाज थांबे. वारा असेल, असं मी मनाला सांगे. पण झाडाचं पान हलत नव्हतं अशा दिवशीही मी तो ऐकला आहे. कोणाला पटो न पटो, मी माझे शब्द मागे घेणार नाही.

महादू तिचा एकुलता एक मुलगा. तो होता तेव्हा दारूबंदी कडक होती आणि आतोबा परवान्यावर नीरा काढत. मडक्याला आतून चुना फासून ते संध्याकाळी ताडाला बांधायचं आणि उन्हं यायच्या आत उतरवायचं, म्हणजे रस गोड राहतो. बिनचुन्याच्या मडक्यात तोच रस आंबून त्याची ताडी होते. हा गोड रस आमच्याकडे पोरांना सकाळी हौसेने देतात, अंगाला बरा म्हणून. आत्याही देई. पण त्या दिवशी आतोबांनी स्वतःसाठी गुपचूप ठेवलेलं बिनचुन्याचं मडकं तिच्या हाताला लागलं. ‘‘आये, आज लय झ्याक लागते,’’ म्हणत महादूने आणखी मागितलं आणि तिने कौतुकाने आणखी ओतलं. मग ती चुलीकडे गेली. पोराला वाटलं, आपण बापाएवढे झालो. बापाचा दोर घेऊन तो ताडावर चढला आणि वरून पडला.

त्यानंतर त्या घरातून चुन्याचं मडकं ताडाला लागलं नाही. विकायची ती ताडी, आणि फक्त मोठ्या माणसांना. लोक म्हणत, पोर ज्यापायी गेलं तोच धंदा ही करते. मला त्या लोकांचा भयंकर राग यायचा. आत्या त्यावर एकदाच बोलली, ‘‘मी नाय बसली हितं, तं दुसरा कोन बसंल. तो पोरांना देल.’’

अशा बाईपुढे एक दिवस जिवल्या येऊन उभा राहिला. आईबरोबर बांधकामावर घमेली वाहणारा मासवणकडचा मुलगा, चौदाचा असेल नसेल. त्याने ताडी मागितली. आत्याने पेला उपडा केला.

‘‘घमेली उचलाया मी बाप्या, न ताडीला पोर काय?’’ तो ओरडला. पण आवाज मध्येच चिरकला आणि सगळे हसले. पोरगा लाल होऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई नवसी आली. जिवल्याची सोयरीक ठरत होती. त्यांच्यात नवऱ्या मुलाने मुलीकडच्या म्हाताऱ्यांबरोबर एकाच मडक्यातली ताडी प्यायची, म्हणजे बोलणं पक्कं. नाही प्याला, तर मुलगी नाकारली.

‘‘बाय, तू नाय दिलीस तं तो भट्टीवर जाईल,’’ नवसी म्हणाली. रस्त्यापलीकडच्या झाडीत चोरून हातभट्टी चाले. तिथे कोणी कोणाची मिसरूड बघत नसे. ‘‘थितली पिऊन माजा भाऊस आंधला झाला.’’

आत्या उठून मागच्या ताडाखाली जाऊन आली. मग म्हणाली, ‘‘परवा त्या म्हाताऱ्यांना घेऊन ये. पन सकालीच ये.’’

आदल्या संध्याकाळी ती आतोबांना म्हणाली, ‘‘आज एक मडका चुन्याचा लाव.’’ आतोबा तिच्याकडे बघतच राहिले. मग उठून त्यांनी चुना भिजवला. मला रडू आवरेना.

सकाळी सगळे अंगणात बसले. मुलीचा आजा बुधा एक घोट घेऊन कुरकुरला, ‘‘ही तं पोरांची हाय.’’

‘‘मडका एकच हाय. बसायचा तं बसा,’’ आत्या म्हणाली. एकाच मडक्यातली होती, म्हणून म्हातारे बसून राहिले.

सगळ्यांना देऊन झाल्यावर तळाशी जिवल्यापुरती उरली. आत्याने ती पेल्यात ओतली आणि देण्याआधी चाखली. ‘‘गोड हाय,’’ म्हणाली. पेला पुढे केला, आणि जिवल्याचा हात लागणार इतक्यात मागे घेतला. पुन्हा चाखली. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. तिची खात्री होईना. ‘‘गोड हाय, गोडच हाय,’’ असं म्हणत, एकेक घोट घेत तिने अख्खा पेला संपवला आणि रिकामा पेला घट्ट धरून उभी राहिली. आता सोयरीक मोडते की काय, म्हणून नवसीने तोंडावर पदर धरला.

जिवल्या उठला. त्याने आत्याच्या बोटांतून पेला सोडवून घेतला, तोंडाला लावला, मान मागे टाकून गटगट गिळल्यासारखं केलं आणि मनगटाने ओठ पुसले. बुधा म्हाताऱ्याने सगळं बघितलं होतं. ‘‘प्याला पोरगा,’’ तो इतरांना म्हणाला. ‘‘बोलनं पक्कं.’’

सगळे एकदम बोलायला लागले. आत्याला ते ऐकूच येत नव्हतं. ती जिवल्याच्या पायांकडे बघत होती, जमिनीवर आहेत ना म्हणून.